आईच्या गॅलरीतलं जेड आणि अॅडोचे हत्ती (स्पेकबूमबद्दल)

ओवी
सोम, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बागकाम विभागात टाकू की भटकंतीत ते कळेना, शेवटी इथेच टाकतेय.

गेली तीन वर्षं आम्ही दक्षिण आफ्रिकेत गेबेर्हाला राहतोय. म्हणजे जुनं पोर्ट एलिझाबेथ, २०२१ मध्ये नाव बदललं, आणि पहिल्या अक्षराला टाळूवर जीभ आपटून जो आवाज काढतात तो मला अजून जमत नाही. इथून तासाभराच्या अंतरावर अॅडोचं हत्तींचं राष्ट्रीय उद्यान आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात नेहमीचं आफ्रिकेचं चित्र, उंच पिवळं गवत आणि मधे एखादं छत्रीसारखं झाड. तिथे तसं काहीच नव्हतं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर जाणारी हिरवीगार, चकाकणारी झुडपांची भिंत, इतकी दाट की चार हातांवर उभा असलेला हत्ती आधी ऐकू आला आणि मग दिसला. फांदी मोडल्याचा आवाज येतो ना, पण कडाड असा नाही, काकडी मोडल्यासारखा.

हत्तिणीने सोंडेने वरचा शेंडा ओढला, तोंडात घातला, आणि एक डहाळी आमच्या गाडीसमोर रस्त्यावर पडली. लालसर दांडी, समोरासमोर जोडीने लागलेली नखाएवढी गोल मांसल पानं. मी नवऱ्याला म्हटलं, अरे हे तर आईच्या गॅलरीतलं जेड! साताऱ्याला आईकडे रंगाच्या डब्यात लावलेलं आहे, मी कॉलेजला असल्यापासून बघतेय, तुळशीच्या शेजारी. तेच. हत्ती ते खात होता आणि ते मैलोन् मैल पसरलेलं होतं. मला एकदम भरून आलं, का ते सांगता येणार नाही.

त्यानंतर मिळेल ते वाचत, विचारत गेले. याचं शास्त्रीय नाव पोर्टुलाकारिया आफ्रा. इथे सगळे स्पेकबूम म्हणतात, आफ्रिकान्स भाषेत स्पेक म्हणजे डुकराची चरबी आणि बूम म्हणजे झाड, पानं तशी गुबगुबीत म्हणून. खोसा लोक इग्वनिशे म्हणतात. ईस्टर्न केप म्हणजे आमच्याच प्रांताच्या कोरड्या दऱ्यांमध्ये, छोटं कारू नावाच्या कोरड्या भागात औट्सहूर्नच्या बाजूला, वर क्वाझुलू-नाताल आणि पार मोझांबिकपर्यंत सापडतं, पण याची खरी जंगलं म्हणाल तर ती ईस्टर्न केपमध्येच. तिथे वर्षाचा पाऊस अडीचशे-साडेतीनशे मिलिमीटर. एवढ्याशा पावसात दोन-अडीच मीटर उंच, कुठे कुठे चार मीटरपर्यंत, आणि बाराही महिने हिरवं.

आणि हे हत्ती तिथे टिकले तेही या झुडपांमुळेच. १९१९-२० मध्ये तिथल्या शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून सरकारने प्रिटोरियस नावाच्या शिकाऱ्याला हत्ती संपवायला नेमलं, त्याने शंभराहून जास्त मारले. जे उरले ते या गचपणात शिरून बसले, माणसाला आत जाताच येत नव्हतं. १९३१ मध्ये उद्यान झालं तेव्हा अकरा हत्ती होते. अकरा! आज सहाशेच्या वर आहेत. हत्ती शेतात येत आणि मारले जात, म्हणून १९५४ मध्ये आर्मस्ट्राँग नावाच्या व्यवस्थापकाने ट्रामचे जुने रूळ खांब म्हणून रोवले आणि त्यांना लिफ्टचे दोर ओवून कुंपण केलं, ते कुठे कुठे अजून बघायला मिळतं.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. उद्यानाच्या कुंपणाबाहेर पडलात की पाचच मिनिटांत उघडी लाल माती, मधेच एखादं काटेरी झाड, बाकी काही नाही. पाऊस तोच, माती तीच. मी आधी समजले हे वाळवंटच असणार. नाही. तिथेही हीच झुडपं होती, आणि ती गेली. कशी गेली ते खाली प्रतिसादात लिहिते, मुलाला झोपवायचंय.

ज्यांच्या घरी जेड आहे त्यांनी सांगा, तुम्हाला माहीत होतं का हे कुठलं?

गच्चीवाली
सोम, रात्री १०:१२

काय सुंदर लिहिलंयस गं ओवी. काकडी मोडल्यासारखा आवाज अगदी ऐकू आला. मला वाटायचं जेड चायनाचं असतं, वास्तूवाले पैशाचं झाड म्हणून विकतात म्हणून.

एक शंका, जेड आणि क्रासुला एकच ना? माझ्याकडे दोन कुंड्या आहेत, दोन्ही जेड सांगून दिल्या, पण दिसायला वेगळ्या आहेत.

बोन्सायकाका
सोम, रात्री १०:५५

गच्चीवाली ताई, एकच नाहीत. आपल्याकडच्या नर्सरीत गोल बारीक पानाच्या पोर्टुलाकारियाला जेड म्हणतात आणि मोठ्या जाड पानाच्या क्रासुला ओव्हाटाला नुसतं क्रासुला, पण परदेशी पुस्तकात बरोब्बर उलटं, तिथे क्रासुला म्हणजे जेड, त्यामुळे इंटरनेटवर जेडची माहिती वाचून लोक दुसऱ्याच झाडाचे उपचार करत बसतात.

ओळख सोपी आहे. क्रासुलाची फांदी बोटाएवढी जाड, हिरवट राखाडी, वाकवायला गेलं तर मोडतेच, पान दीड-दोन इंच. पोर्टुलाकारियाची कोवळी फांदी लालसर तपकिरी, काडीसारखी बारीक, पान नखाएवढं. घराणीही वेगवेगळी आहेत. पण गंमत म्हणजे दोघांचं गाव एकच, क्रासुलाही तिकडचंच आहे.

आणि महत्त्वाचं म्हणजे घरात मांजर कुत्रं असेल तर क्रासुला त्यांना बाधतं, उलट्या होतात. पोर्टुलाकारिया बाधत नाही.

माझ्याकडे पुण्यात बावीस वर्षांचं आहे. एका काडीपासून केलेलं. खोड आता मनगटाएवढं झालंय. ओवी, तुमच्या फोटोची वाट बघतोय, जंगलात याचं खोड कसं दिसतं ते मला कधीचं बघायचंय.

पर्णरंध्र
मंगळ, सकाळी ७:२०

वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवत नाही, थोडं लिहिते.

या झुडपाचं खरं कौतुक त्याच्या श्वासात आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं म्हणजे पर्णरंध्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आणि तेवढ्यात पाणी उडून जातं. निवडुंगासारखी झाडं उलटं करतात, छिद्रं रात्री उघडायची, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवायचा आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून तो वापरायचा. कच्च्या सफरचंदाला जो आंबटपणा असतो तेच हे आम्ल. स्पेकबूमला दोन्ही येतं! पाणी मुबलक असेल तर साध्या झाडासारखं दिवसा, पाणी तुटलं की रात्रपाळी. फार थोड्या झाडांना हे असं सहज बदलता येतं.

त्यामुळे याचं पान पहाटे आंबट लागतं आणि संध्याकाळपर्यंत आंबटपणा उतरतो, कारण रात्रभर साठलेलं आम्ल दिवसभरात खर्च होतं. ओवी, तुझ्या आईला करून बघायला सांग. घरचं, फवारणी न केलेलं झाड हवं, नर्सरीतून नुकतं आणलेलं नको, आणि क्रासुला तर अजिबात नको.

ओवी
मंगळ, दुपारी १:०५

पर्णरंध्र ताई, हे किती छान सांगितलंत! इथे लोक पानं सॅलडमध्ये घालतात, आणि चालताना तहान लागली तर दोन पानं तोंडात टाकतात. मी खाल्लंय, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखं लागलं. आईला आजच सांगते.

आता कुंपणाबाहेर काय झालं ते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे अंगोरा शेळ्या प्रचंड वाढल्या, त्यांच्या केसांपासून मोहेर लोकर होते. तारेची कुंपणं घालून वर्षभर त्याच त्या तुकड्यात शेळ्या सोडल्या. झुडपं गेली आणि परत आलीच नाहीत. नुकसान झालेली जमीन दहा लाख हेक्टरच्या वर आहे.

मला पहिला प्रश्न हाच पडला की हत्तीही खातो आणि शेळीही खाते, मग हत्तीने कसं नाही संपवलं? उत्तर मला एका शेतावर मिळालं. झुडपाला घागऱ्यासारखा घेर असतो, खालच्या फांद्या जमिनीला टेकतात आणि टेकल्या तिथे मुळं धरतात. हत्ती वरून खातो. घेर तसाच राहतो, शिवाय त्याच्या तोंडातून सांडलेल्या डहाळ्या मातीत पडून रुजतात. शेळी कडेने आणि खालून खाते. घेर गेला की झुडूप छत्रीसारखं दिसायला लागतं, खोड उघडं पडतं, खालची सावली जाते, नवीन फांदी रुजायला जागाच उरत नाही, आणि एक दिवस ते म्हातारं झुडूप आडवं होतं. बियांवर याचा फारसा भरवसा नाही, उघड्या तापल्या मातीत बी जगत नाही.

माणगंगा
मंगळ, रात्री ८:३०

ओवी ताई धागा आवडला पण शेळीवर सगळा बोजा टाकू नका ही विनंती. आम्ही माण तालुक्यातले, धनगर. माझे आजोबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे आणि पाऊस पडायच्या आधी वर यायचे, काही घरं अजून जातात. मधले महिने इकडच्या माळाला कोणी तोंड लावत नव्हतं, माळ उसासा घ्यायचा. आणि वाटेत शेतकरी स्वतः बोलावून रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंडीखतासाठी, वर धान्य द्यायचे. जनावर तेच. तुम्ही लिहिलंय की तारेच्या कुंपणात वर्षभर तिथेच ठेवलं, तर गुन्हा त्या तारेचा आहे. जनावराला पुढे जायची वाट बंद केली तर ते पायाखालचंच खाणार, त्याने दुसरं काय करावं.

ओवी
मंगळ, रात्री ९:१५

माणगंगा दादा, तुमचं अगदी बरोबर आहे, मी घाईत लिहिलं. इथले जाणकारही हेच सांगतात, किती शेळ्या आणि किती काळ एका जागी, हा मुद्दा आहे. कुडू हरणं, काळे गेंडे, कासवं सगळी हे खातात, पण खाऊन पुढे जातात. आणि खुद्द अॅडोमध्ये कुंपणात हत्ती वाढले तेव्हा तिथली काही नाजूक झाडं कमी झाली, म्हणून झाडांसाठी हत्तींना बंदी असलेले तुकडे वेगळे राखलेत. म्हणजे हत्तीलाही वाट बंद केली की तेच होतं.

आजोबांबद्दल अजून लिहा ना.

आजरेकर
बुध, सकाळी १०:४५

व्हॉट्सअॅपवर आलं होतं की एक जेडचं झाड अॅमेझॉनच्या जंगलापेक्षा दहापट कार्बन शोषतं, घराघरात लावा. खरं आहे का हे? आमच्या सोसायटीत त्यावरून दोनशे रोपांची ऑर्डर द्यायचं चाललंय.

पर्णरंध्र
बुध, दुपारी ४:३०

आजरेकर, हा दावा फार पसरलाय आणि त्याने या झाडाचं भलं होत नाही, म्हणून नीट लिहिते.

मुळात आकडा आला कुठून? युटेनहेगजवळ क्रोमपूर्ट नावाच्या शेतावर एका शेतकऱ्याने १९७६ मध्ये उजाड उतारावर स्पेकबूमच्या काड्या लावल्या. सत्तावीस वर्षांनी मिल्स आणि काउलिंग या अभ्यासकांनी तिथली झाडं आणि माती मोजली, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. हेक्टरी वर्षाला सुमारे ४.२ टन कार्बन साठला होता, म्हणजे साधारण पंधरा टन कार्बन डायऑक्साइड. कोरड्या प्रदेशासाठी हा आकडा थक्क करणारा आहे, कारण एवढा वेग आपण ओल्या जंगलात अपेक्षित धरतो. पण तो दहापट नाहीच, आणि तो एका चांगल्या जागेवरचा आकडा आहे, तोही पूर्ण हेक्टरभर दाट झुडपांचा आणि खालच्या मातीसकट. मातीसकट हे फार महत्त्वाचं आहे. झुडपाखाली सावलीत पाचोळ्याचा जाड थर साठतो, माती थंड राहते म्हणून तो सावकाश कुजतो, आणि पावसाचं पाणी वाहून न जाता मुरतं. कुंडीत यातलं काहीच होत नाही. कुंडीतलं झाड तेवढंच कार्बन धरणार जेवढं त्याचं वजन वाढेल, आणि बोन्सायकाका तर ते दरवर्षी छाटतात.

सोसायटीत लावायचं तर जरूर लावा, सुंदर झाड आहे, पाणी कमी लागतं. हवा शुद्ध करायला म्हणून नको.

बोन्सायकाका
बुध, सायं ६:१०

अनुमोदन. छाटलेली एकही काडी मी टाकत नाही पण, इमारतीतल्या सगळ्या मुलांना वाटल्यात.

लावायची पद्धत कोणी विचारेलच म्हणून. काडी कापली की लगेच मातीत घालू नका. सावलीत चार दिवस पडू दे, कापलेलं तोंड सुकून त्यावर खपली धरू दे. मग अर्धी जाड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडी माती अशा कुंडीत खोचा आणि आठ दिवस पाणी देऊ नका. हेच लोकांना जमत नाही. माया करायची म्हणजे पाणी घालायचं असं आपल्या डोक्यात बसलंय. माझी पहिली सहा झाडं पावसाळ्यात गेली, खोड खालून मऊ पडतं, पानं एकाएकी गळतात, दोन दिवसात संपलं. आता जूनमध्ये सगळ्या कुंड्या पत्र्याखाली घेतो.

फुलं मात्र बावीस वर्षांत एकदाही बघितली नाहीत. ओवी, तिकडे येतात का?

ओवी
बुध, रात्री १०:००

काका, येतात! पाऊस झाला की बारीक गुलाबी चांदण्यांसारखी, आणि मधमाश्यांचा नुसता घोंगाट. मध काढणारे लोक त्याची वाट बघत असतात.

आणि आईचा पहिला निकाल आला. आज सकाळी सहाला एक पान, संध्याकाळी सहाला एक पान. म्हणाली, दोन्ही सारखीच लागतात, किंचित आंबट, मला काही फरक कळला नाही. पर्णरंध्र ताई, असं का?

पर्णरंध्र
बुध, रात्री १०:२५

आईंना विचार, पाणी किती दिवसांनी घालतात?

ओवी
बुध, रात्री १०:४०

रोज. तुळशीला घातलं की उरलेलं जेडला. वर्षानुवर्षं.

पर्णरंध्र
बुध, रात्री १०:५२

मग बरोबरच आहे. त्या झाडाला रात्रपाळीची गरजच पडलेली नाही, रोज पाणी मिळतंय म्हणून ते साध्या झाडासारखं दिवसा श्वास घेतंय. तीन आठवडे पाणी बंद करायला सांग आणि मग परत चव बघायला सांग. घाबरायचं कारण नाही, पानं थोडी सुरकुततील.

ओवी
बुध, रात्री ११:०५

आईला हे पटवणं अवघड आहे, पण सांगते.

माणगंगा
गुरु, दुपारी १२:१५

मी सगळं वाचतोय. मनात एक विचार आला तो मांडतो. आमच्याकडे पाऊस चार-पाचशे मिलिमीटर, तोही धड नाही. गेली कित्येक वर्षं पाणी फाउंडेशन वगैरेंच्या स्पर्धांमुळे बंधारे, चर पुष्कळ झाले, पण माळावर लावलेली झाडं जगत नाहीत, टँकरने पाणी घालून किती दिवस जगवणार. हे झाड जर अडीचशे मिलिमीटरमध्ये जंगल करतं, नुसती काडी खोचली की येतं, हत्तीपासून शेळीपर्यंत सगळे खातात, तर आमच्या उजाड माळावर का लावू नये? दुष्काळात चारा तरी होईल. मी मनापासून विचारतोय.

आजरेकर
गुरु, दुपारी १२:४०

+१, मलाही हेच विचारायचं होतं.

पर्णरंध्र
गुरु, रात्री ९:३०

माणगंगा, प्रश्न मनापासूनचा आहे म्हणून उत्तरही मनापासून देते, आणि ते नाही असं आहे.

पहिली गोष्ट, तुमचा माळ उजाड नाही. जिथे झाड नाही तिथे काही नाही, ही आपल्याला लागलेली सवय आहे. माळ हे गवताचं रान आहे. पवना, कुसळी, धामण ही गवतं, त्यात लावे, धाविक, खोकड, लांडगे. सोलापूरकडे नान्नजला माळढोक होते ते गवतावरच, झाडं वाढली की तो पक्षी पाय काढतो. माळावर जाड पानांची झुडपं दाटली तर तुमच्या मेंढरांचं गवत जाईल.

दुसरी गोष्ट, आपण हे आधी केलेलं आहे. वेडी बाभूळ अशीच आणली, दुष्काळात हिरवी राहते, सरपण होतं, कुठेही येते म्हणून. आज ती काढता काढता लोक रडकुंडीला आलेत. सुबाभूळ तशीच. गिरिपुष्प डोंगरच्या डोंगर लावलं, त्याखाली गवत येत नाही आणि जनावर सहसा तोंड लावत नाही. स्पेकबूम वेडी बाभळीसारखं पसरेलच असं मी म्हणत नाही, बियांवर ते तिथेच फारसं वाढत नाही. पण जे काडीवर येतं आणि सहज मरत नाही त्याला माळावर सोडून बघू या, असं म्हणायची हिंमत माझ्यात नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या कामाची. तिथला पाऊस थोडा थोडा करून वर्षभर विखुरलेला असतो, जमिनीत पाणी साचत नाही. आपल्याकडे तो चार महिन्यांत, कधी दोन दिवसांत कोसळतो. काळ्या मातीत काकांच्या कुंडीत झालं तेच होईल, खोड खालून कुजेल.

माणगंगा
गुरु, रात्री १०:२०

माळ उजाड नाही हे वाक्य वाचून थांबलो. आजोबा असंच बोलायचे. ते गवताच्या नावावरून माळ ओळखायचे, हा कुसळीचा, हा पवन्याचा. आमच्या पिढीला ती नावं राहिली नाहीत. आता पंचायतीत वृक्षलागवडीचा खड्डा नसलेली जागा म्हणजे पडीक.

चारा नको तर नको, पण बांधाला कुंपण म्हणून?

बोन्सायकाका
गुरु, रात्री १०:४५

माणगंगा, कुंपणाला तुमच्याकडे शेर असेलच की. जुन्या शेतांना शेराचं कुंपण असायचं, जनावर चिकामुळे तोंड लावत नाही.

पर्णरंध्र
शुक्र, सकाळी ७:०५

आणि काका, शेरही मूळचा आफ्रिकेचाच बरं. इतका जुना पाहुणा की घरचाच झाला. म्हणून परकं ते सगळं वाईट असं माझं म्हणणं नाही. बांध, कुंडी, बाग ही माणसाची जागा आहे, तिथे खुशाल लावा. फक्त माळ माळासारखा राहू दे.

ओवी
शनि, रात्री ८:२०

दोन दिवस गावी नव्हते, म्हणजे इथल्याच एका शेतावर होते. तुमची चर्चा वाचून मुद्दाम गेले, लागवड चालू होती तिथे. लिहिते, थोडं लांबेल.

शाळेच्या मैदानाएवढा उतार, पूर्ण उघडा. एका ट्रकमध्ये काड्यांचे ढीग, काही दिवस सावलीत ठेवलेल्या, काकांनी सांगितलं तस्संच! हातभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड. पहारीने खड्डा, त्यात काडी, टाचेने माती दाबायची, पुढे दोन मीटरवर दुसरी. पाणी नाही. लावणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या, जवळच्या वस्तीतल्या. त्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना सगळ्या मामा म्हणत होत्या, खोसा भाषेत मामा म्हणजे आई. मी पण मामाच म्हटलं, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर कराडचा मामा यायचा.

मामांनी माझी पहिली काडी उपटून परत लावली, कारण मी ती सरळ उभी लावली होती आणि माती नीट दाबली नव्हती. मग त्यांनी माझा हात धरून आधी उघड्या मातीवर ठेवला, दुपारचे दोन वाजलेले, चटका बसला. तिथून पन्नास पावलांवर एक जुनं झुडूप टिकून होतं, मला तिथे नेलं, आत हात घालायला सांगितला. पाचोळा कोपरापर्यंत नव्हे पण मनगटाच्या वर आला, आणि खालची माती गार. माठाखालच्या वाळूसारखी गार. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याकडे बघत होत्या. मला वाटतं पर्णरंध्र ताईंनी सावलीचं आणि पाचोळ्याचं जे लिहिलं ते मला तेव्हा हातातून कळलं.

शेळ्या काढून टाकल्या तरी झुडपं आपोआप का येत नाहीत हेही तिथेच कळलं. ती गार माती झुडपानेच केलेली असते. झुडूप गेलं की पाचोळा जातो, माती तापते, पाऊस वाहून जातो, आणि मग दशकं गेली तरी नवं झुडूप उगवत नाही. माणसाने काडी लावली तरच.

पण लावलेलं सगळं जगतं असंही नाही. सरकारने २००४ पासून हा लागवडीचा कार्यक्रम हातात घेतला, पुढे साऱ्या पट्ट्यात पाव पाव हेक्टरचे जवळपास तीनशे तुकडे लावून बघितले. २०२१ मध्ये त्यांचा आढावा आला, बऱ्याच तुकड्यांत झाडं मेली होती. एक तर जनावरांनी खाल्ली, आणि दुसरं म्हणजे जागाच चुकली होती, जिथे हे झाड मुळात नव्हतंच अशा सखल भागात लावलं आणि तिथल्या हिवाळ्यातल्या दवकड्याने, म्हणजे गोठलेल्या दवाने ते करपलं. जिथे जागा बरोबर होती तिथे जगलं. म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशातसुद्धा शंभर पावलं इकडेतिकडे झाली की ते मरतं. माणगंगा दादा, हे ऐकल्यावर मला तुमचा प्रश्न आठवला.

येताना वाटेत अॅडोतून आले. तिथे रस्त्यावर पाट्या आहेत की शेणकिड्यांना आधी जाऊ द्या. उडता न येणारे मोठे काळे भुंगे आहेत तिथे, जगात फार थोड्या जागी उरलेत, हत्तीच्या शेणावर जगतात. एक भुंगा आपल्यापेक्षा मोठा गोळा ढकलत रस्ता ओलांडत होता आणि आमच्या मागे चार गाड्या इंजिन बंद करून उभ्या. कोणीही हॉर्न दिला नाही.

काका, तुमच्यासाठी खोडाचे फोटो काढलेत, खाली जोडतेय. मांडीएवढं जाड, आणि त्यावर सुरकुत्या अशा की हत्तीचा पायच.

बोन्सायकाका
शनि, रात्री ९:००

फोटो मोठे करून करून बघितले. खालच्या फांद्या पूर्ण जमिनीला टेकलेल्या आहेत. मी बावीस वर्षं खालच्या फांद्या छाटून त्याला वडासारखं करत होतो. पुढची काडी लावेन ती रुंद थाळीत, आणि घेर ठेवणार.

माणगंगा
रवि, सकाळी ९:५०

मामांचं वाचून आज आमच्या बांधावरच्या बोरीखाली हात घालून बघितला. गार होतं. शेजारच्या नांगरटीत चटका.

आजोबांच्या बरोबरीचे एक म्हातारबाबा आहेत गावात, त्यांच्याकडे जाऊन गवतांची नावं लिहून घेतोय. आतापर्यंत अकरा झाली. वेगळा धागा काढीन.

गच्चीवाली
रवि, सकाळी १०:३०

माणगंगा, नक्की काढा, वाट बघतेय. आणि ओवी, आईंचं काय झालं? पाणी बंद केलं का त्यांनी?

ओवी
रवि, दुपारी २:१५

केलंय. रोज फोनवर सांगते, आज पण नाही घातलं गं, बिचारं बघतंय माझ्याकडे.

ओवी
(तीन आठवड्यांनी) बुध, सकाळी ११:३०

धागा वर काढतेय. आईचा आज पहाटे फोन आला, इथे रात्रीचे अडीच वाजले होते, मी घाबरून उचलला. म्हणाली, अगं आंबट! आमसूल तोंडात धरल्यासारखं आंबट! काल संध्याकाळी त्याच फांदीचं पान खाल्लं तर नुसतं पाणचट होतं.

पानं मऊ पडलीत, कडेने जरा लाल झालीत. व्हिडिओवर दाखवलं. तुळशीला पाणी घालून तांब्या हातात तसाच धरून उभी होती, आणि मला विचारते, झालं ना तुमचं बघून? आता घालू का याला?

म्हटलं, घाल.